मडक्यांची भाजणी आणि झिलई

नांदेड जिल्ह्यात गोदावरीकाठी आणि लातूर जिल्ह्यात मांजरा-तेरणेच्या परिसरात कुंभारकाम हा जुना ग्रामव्यवसाय आहे. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर हे संत गोरोबाकाकांचे गाव. त्यांनी थापटण्याने संतांची परीक्षा घेऊन कच्चे मडके ओळखले, ही कथा सर्वश्रुत आहे. मडके कच्चे की पक्के हे भाजणीत ठरते. एक आवा बिघडला, तर कुंभार कुटुंबाचे अनेक दिवसांचे श्रम व सरपण वाया जाते.

माती

आपल्याकडील काळी माती ओलीने फुगते व वाळताना आकसून तडकते. म्हणून तळ्याचा किंवा नदीचा गाळ घेऊन त्यात बारीक वाळू, राख अथवा लीद मिसळावी लागते. मातीतील चुनखडीचे खडे विशेष घातक असतात. भाजणीत त्यांचा चुना होतो. पुढे हवेतील ओल शोषून तो फुगतो आणि चांगल्या दिसणाऱ्या मडक्याचा टवका उडतो. यासाठी माती चाळून किंवा पाण्यात निवळून घेणे आवश्यक ठरते.

भाजणी

गोवऱ्या, पऱ्हाट्या व तुराट्या यांवर पेटणाऱ्या उघड्या आव्यात साधारणतः ६०० ते ८५० अंश सेल्सिअस उष्णता मिळते. आरंभी आच मंद हवी. अन्यथा आत राहिलेल्या पाण्याची वाफ होऊन मडके फुटते. सुमारे ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान मातीच्या घडणीतील पाणी निघून जाते व ती पुन्हा पाण्यात विरघळत नाही. ५७३ अंशांना वाळूतील गारेचे आकारमान एकाएकी बदलते. म्हणून चढती व उतरती आच दोन्ही संथ असाव्यात. हवा भरपूर मिळाल्यास मातीतील लोहामुळे भांडे लाल होते, ती कोंडल्यास काळे. तेर येथील उत्खननात सापडलेली सातवाहनकालीन काळी-तांबडी भांडी हेच तत्त्व दर्शवितात.

झिलई

झिलई म्हणजे भांड्यावर वितळून बसलेला काचेचा पातळ थर. तो सर्वच भांड्यांना हितकारक नसतो. माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी झिरपते व त्याच्या बाष्पीभवनाने आतील पाणी गार होते. झिलईने हा गुणच नाहीसा होईल. माठास कावेचा हात व गुळगुळीत दगडाची घोटाई पुरेशी आहे. लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या मात्र वेगळ्या मातीच्या असून बंद भट्टीत सुमारे १,२०० अंशांपर्यंत भाजतात. कमी आचेवर चकाकी यावी म्हणून झिलईत शिसे मिसळणे धोक्याचे आहे. चिंच, लोणचे, ताक अशा आंबट पदार्थांत ते उतरते आणि विशेषतः बालकांच्या मेंदूस अपाय करते.

कर्तव्य

२०२३ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत कुंभारांचा समावेश आहे. पंचायत सदस्यांनी पात्र कारागिरांची नोंदणी करून द्यावी, तसेच गाळ नेण्याची सोय व आव्यासाठी जागा यांकडे लक्ष पुरवावे. शिक्षकांनी मुलांना आवा प्रत्यक्ष दाखवावा. चाकाला वीज जोडली तरी भाजणी सुधारल्याखेरीज कुंभाराची मिळकत वाढणार नाही.