पाणी का येत नाही?

*(घरातील यंत्र बंद पडले, की आपण लगेच मिस्त्रीला बोलावतो. पण थोडा विचार केला, तर पुष्कळदा बिघाडाचे कारण आपल्यालाच सापडते. ते कसे शोधावे, हे या पाठात सांगितले आहे.)*

विद्यार्थी मित्रांनो, बेंबळीसारख्या गावातही आता अनेक घरांत कपडे धुण्याचे यंत्र, म्हणजे वॉशिंग मशीन आले आहे. या मशीनला साबणाचा एक खण असतो. मशीन सुरू केले, की या खणात पाणी येते आणि साबण घेऊन आत जाते. कधीकधी मात्र मशीन नुसते गुणगुणते आणि खण कोरडाच राहतो. अशा वेळी काय कराल?

आमच्या गल्लीतील एका खालांच्या घरी असेच झाले. उन्हाळ्याचे दिवस होते. दुसऱ्या दिवशी बकरी ईद होती. सकाळी मशीनमध्ये चादरी नीट धुऊन निघाल्या. पण दुपारी ईदचे कपडे साबणात असतानाच पाणी येणे थांबले. “मशीन बिघडले! आता शहरातून मिस्त्री कधी येणार?” असे म्हणून खाला कपाळाला हात लावून बसल्या. त्यांची मुलगी नववीत शिकते. ती म्हणाली, “अम्मी, जरा थांबा. सकाळी चालले, मग दुपारीच काय झाले, ते आधी पाहू या.”

तिने प्रथम मशीनचे बटण बंद केले आणि प्लग काढला. हे सर्वांत महत्त्वाचे. पाणी आणि वीज यांची गाठ कधी पडू देऊ नये.

मग तिने नळ पाहिला. तो पूर्ण उघडा होता. पाइप कोठे मुडपला नव्हता. तिने नळ बंद करून पाइपचे मशीनकडचे टोक सोडवले, ते बादलीत धरले आणि नळ पुन्हा उघडला. या एका कृतीने अर्धे उत्तर मिळते. बादलीत धार जोरात पडली, तर दोष मशीनमध्ये असतो. धार मंद असली, तर दोष मशीनच्या आधी, म्हणजे नळात, पाइपात किंवा टाकीत असतो. येथे धार मंद होती.

पाइप सोडवलाच होता, म्हणून तिने मशीनच्या तोंडाशी असलेली बारीक जाळीही काढली. तिच्यावर माती आणि पांढरे कण बसले होते. बोअरच्या जड पाण्यातील क्षार असेच साचतात. जुन्या दातांच्या ब्रशने तिने जाळी धुतली. साबणाचा खण ओढून त्याची छिद्रेही साफ केली. ही कामे महिन्यातून एकदा करावीतच. पण धार मंद का, हे कोडे अजून सुटले नव्हते.

शेवटी ती स्लॅबवर चढली. टाकीत जेमतेम एक फूट पाणी होते. आता तिने वहीत हिशेब मांडला. अनेक मशीनना किमान 0.3 बार दाब लागतो. 10 मीटर उंचीच्या पाण्याचा दाब सुमारे 1 बार असतो. म्हणजे मशीनच्या तोंडापासून टाकीतील पाण्याची पातळी 3 मीटर, सुमारे 10 फूट उंच हवी. स्लॅब जमिनीपासून 10 फूट आणि मशीनचे तोंड 3 फुटांवर. म्हणून उरले 7 फूट. त्यात टाकीतील पाणी 1 फूट. एकूण 8 फूट! सकाळी टाकी भरलेली होती. तेव्हा 4 फूट पाणी धरून 11 फूट होत होते. मशीन बिघडले नव्हते. पाणी खाली गेले होते.

बोअरची मोटर लावून टाकी भरली, तेव्हा खणात खळखळ पाणी आले. ईदचे कपडे वेळेवर वाळले. पुढे घरच्यांनी गवंड्याला विचारून टाकी पक्क्या चौथऱ्यावर चढवली. 1000 लिटर पाण्याचे वजन 1000 किलो असते, म्हणून असे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे.

धार जोरदार, जाळी स्वच्छ आणि दार नीट लागलेले असूनही पाणी येत नसेल, तर आतील विजेवर चालणारी झडप बिघडलेली असू शकते. तेथे मात्र आपण हात घालू नये. मिस्त्रीलाच बोलवावे.

मुलांनो, आपला भाग कमी पावसाचा आहे. 2016 च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. तेव्हा तपासताना बादलीत घेतलेले पाणी फेकू नका. ते झाडांना घाला. आणि कोणतीही वस्तू बंद पडली, तर तिला दोष देण्यापूर्वी क्रमाने कारण शोधा.

शब्दार्थ
खण – कप्पा
मुडपणे – दुमडणे
क्षार – पाण्यात विरघळलेले खनिज
कोडे – न सुटलेला प्रश्न
झडप – पाणी सोडणारे व अडवणारे छोटे दार

स्वाध्याय
1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मुलीने सर्वांत आधी काय केले?
(आ) जाळीवर काय साचले होते?
2. कारणे लिहा.
(अ) सकाळी मशीन चालले, पण दुपारी खणात पाणी आले नाही.
(आ) टाकी चढवण्यापूर्वी गवंड्याला विचारले.
3. तुमच्या घरातील टाकी आणि नळ यांच्या उंचीतील फरक मोजून वहीत लिहा.
4. ‘हिशेब’, ‘वजन’, ‘जमीन’ हे शब्द उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी शब्द शोधा आणि प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.