लपवलेल्या वडापावाचा हिशेब

प्रश्न : मी ४८ वर्षांचा आहे, वजन ९१ किलो. साखर सीमारेषेवर आली म्हणून डॉक्टरांनी दहा किलो उतरवायला सांगितलंय. घरी बायको जिवाचं रान करते. दोन ज्वारीच्या भाकऱ्या, भरपूर कोशिंबीर, वाटीभर वरण, ताक, तेल चमच्याने मोजून. डबाही तसाच. पण संध्याकाळी ठाण्याहून डोंबिवलीला उतरलो की स्टेशनबाहेर दोन वडापाव होतात, कधी वर भजी. पैसे रोख देतो, कारण यूपीआयचा हिशेब ती बघते. मग बडीशेप चघळत घरी जातो आणि पुन्हा नीट जेवतो. सहा महिन्यांत अर्धा किलो वाढलंय. तिला वाटतं थायरॉईड असेल, तपासून घ्या म्हणून मागे लागली आहे. हे लपूनच का खावंसं वाटतं? आणि तिला सांगून टाकावं का?
— नाव छापू नये, डोंबिवली

उत्तर : तपासणी जरूर करा. रिपोर्ट नॉर्मल आला तर पंचाईत तुमचीच होणार आहे, म्हणून निदान रक्त द्यायच्या आधी पुढचं वाचा.

वजन उतरत नाही म्हटल्यावर थायरॉईडवर संशय घेणाऱ्या तुमच्या पत्नी काही पहिल्या नाहीत. १९९२ साली न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी अशा दहा लोकांचा अभ्यास केला. ‘दिवसाला १२०० कॅलरींच्या वर आम्ही जातच नाही, तरी काटा हलत नाही,’ अशी त्यांची तक्रार होती. शरीर प्रत्यक्षात किती ऊर्जा खर्च करतं हे लघवीच्या नमुन्यांवरून कळावं म्हणून त्यांना खुणेचे अणू असलेलं पाणी पाजलं आणि दोन आठवडे हिशेब ठेवला. चयापचय ठणठणीत निघाला. खाणं मात्र त्यांनी ४७ टक्के कमी सांगितलं होतं आणि हालचाल ५१ टक्के जास्त. म्हणजे पोटात दोन भाकऱ्या गेल्या तर वहीत जेमतेम एक. यांच्यात थायरॉईडच्या गोळ्या घेणारेही बरेच होते. सगळे मुद्दाम खोटं बोलत होते असं नाही. खाल्लेलं विसरणं माणसाला फार सहज जमतं. तुमची स्थिती त्यांच्यापेक्षा बरी आहे. तुम्हाला सगळं आठवतंय, किती भजी तेसुद्धा.

आता लपूनच का, हा प्रश्न. त्याचा निम्मा भाग निव्वळ भुकेचा आहे. डबा एक वाजता संपतो, जेवण नऊला. मधल्या आठ तासांत कचेरीतला चहा सोडला तर काही नाही, आणि मग लोकलच्या गर्दीतून उतरलेल्या माणसाच्या नाकाशी गरम तेलातला वडा येतो. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये ३६ तरुण स्वयंसेवकांवर उपासमारीचा प्रयोग केला. युद्धानंतर युरोपातल्या भुकेलेल्यांना पुन्हा अन्नावर कसं आणायचं हे शोधायचं होतं. २४ आठवडे त्यांचं खाणं जवळजवळ निम्म्यावर आणलं. ही धडधाकट आणि तत्त्वाची मुलं. युद्धात बंदूक धरायची नाही म्हणून ती या प्रयोगात आलेली. पण काही आठवड्यांत ती पाककृतींची पुस्तकं जमवू लागली, ताटल्या चाटू लागली, आणि त्यांतल्या काहींनी बाहेर जाऊन चोरून खाल्लं. शेवटी कोणीही जोडीदाराशिवाय बाहेर पडायचं नाही असा नियम करावा लागला. तेव्हा स्टेशनबाहेर तुमचं चारित्र्य ढासळतं असं मनाला लावून घेऊ नका.

उरलेला निम्मा भाग ‘मोडलंच आहे तर’ या विचाराचा. १९७५ मध्ये हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी काही जणींना आधी मिल्कशेक पाजलं आणि नंतर आइस्क्रीम हवं तेवढं खायला दिलं. एरवी खाण्यावर ताबा ठेवणाऱ्या बायकांनी मिल्कशेक पोटात गेल्यावर आइस्क्रीम कमी खाण्याऐवजी जास्त खाल्लं. दिवस बुडालाच, मग कशाला राखून खा! तुमचा पहिला वडापाव भुकेचा आहे, दुसरा या हिशेबातला. आणि घरी ‘भूक नाही’ म्हणता येत नाही, कारण मग ‘का नाही?’ असा प्रश्न येणार. म्हणून तिसरं जेवण पुरावा नष्ट करण्यासाठी. एक वडापाव आकारानुसार तीनशे कॅलरींच्या आसपास धरा. वजन वाढवण्यात वड्याइतकाच वाटा या लपवालपवीचा आहे.

सांगण्याबद्दल बोलायच्या आधी जीन निडेच या बाईंची गोष्ट सांगतो. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणारी, बसचालकाची बायको. १९६१ मध्ये तिचं वजन २१४ पौंड, म्हणजे ९७ किलो होतं. दुकानात भेटलेल्या ओळखीच्या बाईने ‘किती छान दिसतेस, कितवा महिना?’ असं विचारलं, आणि ती गर्भार नव्हती. तिने शहराच्या आरोग्य खात्याचं लठ्ठपणाचं क्लिनिक गाठलं. तिथला आहार चांगला होता, वजनही उतरू लागलं. पण घरी बाथरूममधल्या धुण्याच्या टोपलीत तिने मॅलोमार नावाची चॉकलेटची बिस्किटं लपवलेली असत आणि क्लिनिकमधल्या कडक आहारतज्ज्ञ बाईंना हे सांगायची तिची छाती होईना. मग तिने सहा मैत्रिणींना घरी बोलावलं. सगळ्या तिच्याचसारख्या अंगाने भरलेल्या. त्यांच्यापुढे टोपलीतल्या बिस्किटांची कबुली दिली, तर एकेक जण आपापली लपवायची जागा सांगू लागली. बैठका दर आठवड्याला होऊ लागल्या. ऑक्टोबर १९६२ मध्ये बाईंचं वजन १४२ पौंड, म्हणजे साधारण साडेचौसष्ट किलो होतं. पुढच्या वर्षी त्यातूनच ‘वेट वॉचर्स’ ही कंपनी निघाली, १९७८ मध्ये हाइन्झने ती विकत घेतली. (भूक मारणारी इंजेक्शनं आल्यावर याच कंपनीला २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला, तो वेगळा विषय.)

आहार क्लिनिकमधलाच होता, बदललं ते फक्त ऐकणारं माणूस. जी बाई रागावणार तिच्यापुढे खोटं बोललं गेलं, आणि जिच्या घरीही एक टोपली होती तिच्यापुढे खरं.

म्हणून माझं मत असं : पत्नीला सांगा, आणि तेही सुईच्या आधी. तिला काळजी आहे, आणि तिच्या काळजीपोटी तुम्ही थायरॉईडचे पैसे खर्च करायला निघालात. पण सांगताना तिला तुमच्या खाण्याची तपासनीस नेमू नका. स्वयंपाक तिचा, मोजमाप तिचं, यूपीआयवर नजर तिची, आणि चुकलं तर रुसणंही तिचंच. एवढी खाती एका माणसाकडे असली की समोरचा लपवणारच. ‘रोज विचारू नकोस, दर रविवारी मी स्वतः सांगेन,’ एवढं ठरवून घ्या. आणि रात्री भूक नसेल तर अर्धीच भाकरी वाढून घ्यायची मुभा मागा, कारण न विचारता.

हिशेब द्यायला माणूस शोधा तो तुमच्याच डब्यातला. लोकलमध्ये रोज भेटणाऱ्यांत पोट सुटलेला आणि साखरेची गोळी खिशात बाळगणारा एक तरी असेलच. दोघांनी एकमेकांना खाण्याचा फोटो पाठवायचा, खाल्ल्यावर नव्हे, खायच्या आधी. उत्तरात ‘पाहिलं’ एवढंच लिहायचं. उपदेश नाही, अंगठा नाही, रडका चेहरा नाही. सोसायटीच्या चाळीस जणांच्या ग्रुपवर आधीचा-नंतरचा फोटो टाकण्याच्या फंदात पडू नका. तिथे फक्त जिंकलेलेच बोलतात, आणि हरलेला माणूस पुन्हा बडीशेप शोधतो.

लिहून ठेवण्याला पर्याय नाही हेही सांगतो. अमेरिकेत २००८ साली छापून आलेल्या, सुमारे सतराशे जणांच्या अभ्यासात आठवड्यातले सहा दिवस खाल्लेलं लिहिणाऱ्यांचं वजन जेमतेम एखादा दिवस लिहिणाऱ्यांच्या किंवा न लिहिणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट उतरलं होतं. वहीत वडापाव येऊ द्या. त्याच्यापुढे वेळ आणि शेवटचं कधी खाल्लं होतं ते लिहा. आठवडाभराने तुम्हालाच दिसेल की घोळ साडेपाचच्या रिकाम्या पोटाचा आहे. ठाण्याहून निघताना मूठभर फुटाणे, उकडलेलं अंडं किंवा घरून आणलेलं उसळीचं छोटं डबडं खाऊन बघा. आणि आठवड्यातून एका संध्याकाळी वडापाव उघडपणे खा, यूपीआयने पैसे देऊन. जमलं तर पत्नीला बरोबर घेऊन. तिलाही तो आवडत असण्याची दाट शक्यता आहे.

पत्नीचं निघालं म्हणून सांगतो. या विषयावर पुरुषांची पत्रं स्टेशनची, बायकांची ओट्याची. मुलाच्या ताटातला वरणभात टाकवत नाही, कढईला चिकटलेली भाजी भाकरीने पुसली जाते, लाडवाचा डबा भरताना तुटलेला लाडू तोंडात जातो. सगळं उभ्याने. याला कुणी चोरी म्हणत नाही, म्हणून ते मोजलंही जात नाही, आणि मग ‘ही तर काहीच खात नाही, तरी अशी’ अशी चर्चा होते.

एक गोष्ट मात्र गमतीत घेण्यासारखी नाही. थोड्या वेळात खूपच जास्त खाल्लं जातं, थांबवावंसं वाटूनही थांबवता येत नाही, लाज वाटते म्हणून एकट्यानेच खाल्लं जातं, नंतर स्वतःची किळस येते, आणि हे आठवड्यातून एकदा तरी असं तीन महिने चालू असेल, तर तो आजार असू शकतो. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत २०१३ पासून त्याची स्वतंत्र नोंद आहे. त्यावर उपचार आहेत. विचार आणि वागणं बदलण्याची मानसोपचार पद्धत त्यात चांगली चालते. अशा माणसाला आणखी कडक डाएट देणं म्हणजे आगीत तेल ओतणं. कुठे जायचं सुचत नसेल तर सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. तुमच्या पत्रावरून तुमचं प्रकरण तिथवर गेलेलं दिसत नाही, पण मी डॉक्टर नाही.

प्रश्न : माझी मुलगी १३ वर्षांची. तिच्या दप्तरात बिस्किटांचे आणि चॉकलेटचे रिकामे कागद सापडतात. घरात सगळे तिला जाडी म्हणून चिडवतात, तरी फरक पडत नाही. खाऊच्या कपाटाला कुलूप लावू का?
— एक आई, कोल्हापूर

उत्तर : नको. आणि ‘तरी फरक पडत नाही’ हे वाक्य पुन्हा वाचा. फरक पडलाय, ती आता तुमच्यासमोर खात नाही.

अमेरिकेत जेनिफर फिशर आणि लिअॅन बर्च यांनी १९९९ मध्ये बालवाडीच्या वयाच्या मुलांवर प्रयोग केला. एक खाऊ समोर दिसत ठेवला, पण खायला फक्त ठरावीक वेळीच दिला. मुलं त्याच खाऊबद्दल जास्त बोलू लागली, मागू लागली, आणि मिळाला की तोच घेऊ लागली. कुलपाने तुमच्या घरी हेच होईल, फक्त १३ वर्षांच्या मुलीकडे कोपऱ्यावरचं दुकान आणि खाऊचे पैसेही आहेत.

एखादी वस्तू नको असेल तर ती कुणासाठीच आणू नका, भावासाठी आणि आजोबांसाठीसुद्धा. भावाला फरसाण आणि हिला काकडी, हे चालणार नाही. शाळेतून आल्यावर पोटभर खायला द्या, थालीपीठ द्या, पोहे द्या. चिडवणं आजपासून बंद, आणि ते बंद करवून घेणं तुमचं काम, तिचं नव्हे. या वयात मुलींचं वजन वाढतंच. उंचीच्या मानाने ते जास्त आहे का हे बालरोगतज्ज्ञ आलेखावर पाहून सांगतील. शेजारच्या काकूंना विचारायचं नाही. खाल्ल्यावर ती बाथरूममध्ये बराच वेळ घालवत असेल, उलटीचा वास येत असेल किंवा पाळी बंद झाली असेल तर मात्र त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या.

प्रश्न : वजन रोज करावं की आठवड्याला?
— नाशिक

उत्तर : अमेरिकेत १९९४ पासून अशा लोकांची नोंद ठेवली जाते, ज्यांनी किमान ३० पौंड, म्हणजे साडेतेरा किलो उतरवून वर्षभर तरी ते परत चढू दिलं नाही. त्यांतले सुमारे तीन चतुर्थांश आठवड्यातून निदान एकदा काट्यावर उभे राहतात. रोज केलंत तर एक-दीड किलोच्या चढउताराला घाबरू नका. रात्रीच्या लोणच्या-पापडाचं मीठ पाणी धरून ठेवतं, तेच काट्यावर दिसतं. सकाळी शौचानंतर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर. आकड्याने दिवस खराब होत असेल तर काटा माळ्यावर टाका आणि पंधरा दिवसांतून एकदा कंबर मोजा. भारतीय पुरुषाची ९० सेंटिमीटरपर्यंत, बाईची ८० पर्यंत ठीक. टेप शेवटच्या बरगडीच्या आणि कमरेच्या हाडाच्या मधोमध लावायची, श्वास सोडल्यावर. पोट आत ओढून मोजलेलं धरत नाहीत.