बोटावरील यंत्राचा परिपथ आणि आपली मुले

2020 साली गोरेगाव पूर्वेच्या नेस्को मैदानावर कोविड केंद्र उभे राहिले. त्याच वर्षी 15 सप्टेंबरपासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सुरू झाली आणि स्वयंसेवक घरोघरी जाऊन ताप व रक्तातील ऑक्सिजन मोजू लागले. चाळीपासून टॉवरपर्यंत साऱ्यांनी त्या छोट्या चिमट्यात बोट दिले. आकडा 95 च्या वर दिसला की घराला हायसे वाटे. मात्र तो आकडा येतो कोठून, हे विचारण्याची सवड तेव्हा कोणाला नव्हती. आज ती आहे. वैद्यकीय अभियांत्रिकीतील प्रगत इलेक्ट्रॉनिक परिपथ हा विषय समजून घेण्यास याहून जवळचे उदाहरण नाही.

ऑक्सिमीटरमागील मूळ कल्पना जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांनी 1974 मध्ये मांडली. यंत्रात दोन एलईडी असतात. एकाचा प्रकाश लाल, तरंगलांबी सुमारे 660 नॅनोमीटर; दुसऱ्याचा अवरक्त, सुमारे 940 नॅनोमीटर. ऑक्सिजन वाहणारे हिमोग्लोबिन लाल प्रकाश कमी शोषते व अवरक्त अधिक. ऑक्सिजन नसलेल्याचे याच्या उलट. दोन्ही दिवे सेकंदाला शेकडो वेळा आळीपाळीने लागतात आणि बोटाच्या पलीकडील फोटोडायोड उरलेला प्रकाश टिपतो.

येथून परिपथाचे खरे काम सुरू होते. फोटोडायोडची विद्युतधारा अतिशय क्षीण असते. ती मोजता येईल अशा विभवांतरात बदलावी लागते. समजा, धारा एक मायक्रोॲम्पिअर आहे आणि प्रवर्धकाला जोडलेला रोध दहा लाख ओहम आहे. गुणाकार केला की एक व्होल्ट मिळतो. हा ओहमचा नियम आपली मुले नववीतच शिकतात. पुढची पायरी अधिक कठीण. बोटातून आलेल्या प्रकाशाचा बहुतांश भाग त्वचा, हाड व शिरांमुळे स्थिर असतो. नाडीच्या ठोक्यासोबत बदलणारा भाग जेमतेम एक-दोन टक्के. फिल्टर तो वेगळा काढतो आणि दोन्ही रंगांच्या गुणोत्तरावरून आकडा ठरतो.

पण कोणत्या गुणोत्तराला कोणता आकडा द्यावा, हे परिपथ स्वतः ठरवीत नाही. निरोगी स्वयंसेवकांच्या रक्ताचे नमुने तपासून तो कोष्टक आधी तयार केलेला असतो. तत्त्वतः त्वचेचा परिणाम स्थिर भागासोबत वगळला जातो. व्यवहारात तो पूर्णपणे जात नाही. डिसेंबर 2020 मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी याचा पुरावा प्रसिद्ध केला. यंत्र 92 ते 96 टक्के दाखवीत असताना रक्ततपासणीत ऑक्सिजन 88 टक्क्यांहून कमी निघण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत 3.6 टक्के, तर कृष्णवर्णीय रुग्णांत 11.7 टक्के होते. यंत्राच्या मनात द्वेष नव्हता. ते घडविताना व तपासताना सावळी बोटे पुरेशी मोजली गेली नव्हती. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने विविध वर्णांच्या व्यक्तींवर चाचणी व्हावी, असा मसुदा प्रसिद्ध केला.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला येथे एक जुना कागद आठवतो. 29 ऑक्टोबर 1942 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. अर्थशास्त्र व कायद्याच्या या महापंडिताने त्यात आपल्या समाजासाठी आग्रह धरला तो विज्ञान व तंत्रज्ञानातील उच्च शिक्षणाचा. हे शिक्षण खर्चिक आहे, गरिबाच्या आवाक्याबाहेरचे आहे, म्हणून सरकारने शिष्यवृत्त्या द्याव्यात, अशी त्यांची मागणी होती. जो समाज यंत्र घडविण्याच्या जागी नसतो, त्याचे बोट मोजायचे राहून जाते. मिशिगनच्या आकड्यांनी हेच पुन्हा दाखविले.

पालकांना माझे सांगणे एवढेच. मुलाने 'परिपथ कठीण आहे' म्हटले की त्याला लगेच दुसरीकडे वळवू नका. नववीतील ओहमचा नियम, दहावीतील विद्युतधारेचे परिणाम, बारावीतील अर्धवाहक ही एकाच जिन्याची पायऱ्या आहेत. गणित हा त्याचा कठडा. गोरेगावहून आरे मार्गाने निघाले की पवईची आयआयटी फार दूर नाही; तेथे बायोमेडिकल अभियांत्रिकीचे एम.टेक. शिकविले जाते. परदेशी जाणाऱ्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीही आहे.

आणि माजी विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी जे अभियंते झाले आहेत, त्यांनी वर्षातून एक रविवार वसतिगृहास द्यावा. एक एलईडी, एक फोटोडायोड, एक प्रवर्धक मुलांच्या हाती द्यावा आणि त्यांच्याच बोटातील नाडीची लहर पडद्यावर उमटवून दाखवावी. ज्या मुलाने आपली नाडी स्वतः जोडलेल्या तारांतून पाहिली, त्याला हा विषय परका वाटणार नाही.