फुलं भरपूर, फळ एकही नाही : सांदवाडीतल्या वेलांचा पाठ



होळी झाली, पळस फुलून गेला, मोहाची फुलं वेचायला पहाटे उठणं सुरू झालं. घरामागच्या सांदवाडीतही आता फुलंच फुलं आहेत. मांडवावर लवकीची पांढरी फुलं, कुंपणावर दोडक्याची आणि कारल्याची पिवळी फुलं, जमिनीवर पसरलेल्या कोहळ्याची मोठी केशरी फुलं. पण या महिन्यात ज्या ज्या गटाच्या बैठकीला गेले, तिथे एकच तक्रार ऐकली: "मॅडम, फुलं तं लय येते जी, पण एकबी फळ धरत नाही."

या तक्रारीवर मागच्या उन्हाळ्यात मी एक चुकीचा सल्ला दिला होता. तो आधी सांगते, म्हणजे तुमच्याकडे तसं होणार नाही.

माझी चूक

एका ताईंच्या मांडवाखाली लवकीच्या फुलांचा सडा पडला होता. बाजाराला चार लवक्या नेता आल्या तर गटाची किस्त निघेल, असा त्यांचा हिशोब होता. मी समाजकार्य शिकलेली, शेती पुस्तकात वाचलेली. फूल हातात घेऊन नीट पाहिलंही नाही आणि म्हटलं, "कीड असेल ताई, औषध मारा." त्यांनी गटातून 300 रुपये उचलले, औषध आणलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच फवारलं. फळ काही धरलं नाही. उलट शेजारच्या कोहळ्याच्या फुलांत मेलेल्या मधमाश्या सापडल्या.

त्या दिवशी त्यांच्या सासूबाई मला हाताला धरून वेलापाशी घेऊन गेल्या. दोन फुलं तोडून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "पाहा बाई, हे बापफूल. याच्याखाली नुसती दांडी हाये. आन् हे मायफूल. याच्याखाली लेकरू हाये." सहा वर्षं कॉलेजात शिकून मला जे कळलं नव्हतं, ते त्यांनी मिनिटभरात शिकवलं.

नर फूल आणि मादी फूल

लवकी, कोहळं, दोडका, कारलं, काकडी या वेलांना दोन प्रकारची फुलं येतात.

नर फूल : लांब, बारीक दांडीवर असतं. आत पिवळा पराग असतो, बोट लावलं तर बोटाला लागतो. याला फळ कधीच धरत नाही. एक दिवस फुलून गळून जाणं हाच त्याचा धर्म.

मादी फूल : फुलाच्या मागे इवलंसं फळ असतं. लवकीला छोटी लवकी, कारल्याला छोटं कारलं.

वेल फुलायला लागला की आधी नर फुलंच येतात. मादी फुलं काही दिवसांनी दिसायला लागतात. म्हणून पहिल्या एक-दोन आठवड्यांत फुलं गळाली तर घाबरू नका, वेल उपटू नका आणि औषधही आणू नका. त्या ताईंच्या मांडवाखाली पडलेली फुलं नर फुलंच होती. आम्ही रोग नसताना औषध दिलं.

वांगी, टमाटर, मिरची, भेंडी यांचं वेगळं आहे. त्यांच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात.

मादी फूलही गळत असेल तर?

छोटं फळ पिवळं पडून सुकत असेल, तर बहुतेक वेळा पराग पोहोचलेला नसतो. नर फुलातला पराग मादी फुलापर्यंत नेण्याचं काम मधमाश्या आणि इतर किडे करतात. ते कमी असतील तर हे काम आपण हातानं करायचं.

1. वेळ ओळखा. कोहळं, काकडी, कारलं यांची फुलं सकाळी उमलतात. कोहळ्याचं फूल ऊन चढलं की मिटतं, म्हणून 9 च्या आत काम उरका. लवकी आणि दोडक्याची फुलं मात्र संध्याकाळी उमलतात, म्हणून त्यांचं काम दिवेलागणीला.
2. ताजं उमललेलं नर फूल दांडीसकट तोडा. त्याच्या पाकळ्या काढून टाका.
3. आतला परागाचा भाग मादी फुलाच्या मधोमध हलक्या हातानं फिरवा. एका नर फुलावर दोन-तीन मादी फुलं होतात.
4. लवकीचा पराग लवकीलाच, कोहळ्याचा कोहळ्यालाच लावा.

चार-पाच दिवसांत फळ फुगायला लागलं, तर समजा जमलं.

हे हलकं काम समजू नका. ज्या व्हॅनिलाचा वास आपल्याला आईस्क्रीममध्ये येतो, तिच्या फुलाला हातानं पराग लावायची सोपी रीत 1841 साली रियुनियन बेटावर एडमंड आल्बियस नावाच्या 12 वर्षांच्या गुलाम मुलानं शोधली. आजही व्हॅनिलाची शेती त्याच रीतीवर चालते.

उन्हाची काळजी

ऊन फार वाढलं की वेलाला नर फुलं जास्त येतात आणि परागही मरतो. आपल्या भंडाऱ्याचं एप्रिल-मे चं ऊन सांगायला नको. म्हणून:

- वेलाच्या बुडाशी धानाच्या तणसाचा चार बोटं जाड थर द्या. ओल टिकते.
- छोटं मडकं वेलाजवळ गळ्यापर्यंत पुरा, पाणी भरून झाकण ठेवा. पाणी झिरपत मुळाला मिळतं. नळाला एक दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात हे फार कामाचं आहे.
- पश्चिमेकडून जुनी साडी बांधा. दुपारनंतरचं ऊन अडतं.
- युरिया जास्त टाकू नका. वेल नुसता पानांनी माजतो, फळ कमी येतं. शेणखत बरं.

माश्यांना जपा

फुलोऱ्यात असताना विषारी औषध मारू नका. कीड दिसलीच तर आधी निंबोळी अर्क वापरा. 50 ग्रॅम निंबोळीची पूड 1 लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी गाळून घ्या. छोट्या फळाला डंखाचं भोक असेल आणि आत अळी असेल, तर ती फळमाशी. अशी फळं वाडीत फेकू नका, खोल खड्ड्यात पुरा.

कोथिंबीर, मेथी फुलावर गेली की सगळी उपटू नका, दोन-चार झाडं राहू द्या. तुळस, झेंडू लावा. परळात पाणी आणि त्यात चार खडे ठेवा, माश्या त्यावर बसून पाणी पितात.

आणि कोहळ्याची जास्तीची नर फुलं वाया घालवू नका. बेसनात बुडवून भजी करा. फक्त वेलावर थोडी माश्यांसाठी ठेवा.

पुढच्या बैठकीसाठी

प्रत्येकीनं आपल्या वेलाचं एक नर आणि एक मादी फूल घेऊन यायचं. ज्यांना ओळखता येतं त्यांनी बाकीच्यांना दाखवायचं. गटात म्हाताऱ्या आजी असतील तर त्यांना आवर्जून बोलवा. मग तीन प्रश्नांवर बोला: मागच्या वर्षी आपण बिनकामाच्या औषधावर किती पैसे घातले? वाडीत माश्या दिसतात का? पाणी कमी असेल तर कोणते दोन वेल नक्की जगवायचे?

आणि त्या ताईंचं काय झालं? त्यांनी सासूबाईंच्या मदतीनं रोज दिवेलागणीला पराग लावला. मे महिन्यात बैठकीला येताना एक लवकी माझ्यासाठी आणली. म्हणाल्या, "घ्या मॅडम, तुमच्या औषधाची नाही जी, बुढीच्या हाताची आहे." ती लवकी मी आनंदानं खाल्ली. तेव्हापासून वेल हातात घेऊन पाहिल्याशिवाय मी कोणालाही सल्ला देत नाही.

तुमची,
क्षेत्र समन्वयक