लहान दुकानदार, नोकरवर्ग व आरोग्यविमा

दुकान, वखार व माल यांचा आगीपासून विमा उतरविण्याची चाल आता आमच्या व्यापारी वर्गात रूढ झाली आहे. परंतु गल्ल्यावर बसणारा धनी व तराजू धरणारा नोकर यांच्या प्रकृतीची तजवीज काय, ह्या प्रश्नास समाधानकारक उत्तर क्वचितच मिळते. पेडणे व डिचोली ह्या तालुक्यांच्या दृष्टीने ह्या विषयाचा येथे थोडक्यात विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

गोवा सरकारने २०१६ साली दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना सुरू केली. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबास वर्षाकाठी अडीच लाख व त्याहून मोठ्या कुटुंबास चार लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय तीत करण्यात आली. मात्र त्यासाठी गोव्यात पाच वर्षांचे वास्तव्य लागते, आणि सरहद्दीवरील तालुक्यांची अडचण नेमकी येथेच आहे. पेडण्यास बांदा-सावंतवाडीकडील, तर डिचोलीस दोडामार्गाकडील माणसे कामास येतात. एकाच दुकानात धन्याजवळ कार्ड आहे व नोकराजवळ नाही, असे त्यामुळे घडते. जानेवारी २०१८ पासून बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात परप्रांतीय रुग्णांस शुल्क लागू झाले, तेव्हा हा भेद सर्वांच्याच नजरेस आला.

दुसरा मार्ग कर्मचारी राज्य विमा योजनेचा. ती दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांस लागू होते. वेतनाची मर्यादा २०१७ साली दरमहा २१,००० रुपये ठरली. जुलै २०१९ पासून मालकाचा हिस्सा शेकडा सव्वातीन व नोकराचा पाऊण असा आहे. म्हणजे १२,००० रुपये पगारावर मालकाने ३९० व नोकराने ९० रुपये द्यावयाचे. त्याच्या मोबदल्यात कुटुंबासह औषधोपचार मिळतात, व अटी पुऱ्या झाल्यास आजारपणात वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाचा शेकडा सत्तर भागही मिळतो.

दहावा माणूस हजेरीपटावर न दाखविण्याचा मोह काहींस होतो, हे आम्ही स्पष्टच सांगतो. परंतु तो नफा खरा नव्हे. नोकर आजारी पडला की तो उचल मागतो. उचल फिटत नाही, माणूस कामावर येत नाही, आणि अखेर धन्याची रक्कम व माणूस दोन्ही जातात. दरमहा ३९० रुपये वाचविणारा ह्या हिशेबात तोट्यातच राहतो.

दहापेक्षा कमी माणसे असणाऱ्यांसही आता वाट खुली आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेप्रमाणे मालक व बहुसंख्य नोकर यांची संमती असल्यास लहान आस्थापनेसही ह्या योजनेत येता येते. तिचे रुग्णालय मडगावास असल्याने नजीकचा दवाखाना कोणता मिळेल, ह्याची चौकशी मात्र आधी करावी.

ज्यांस खाजगी विमा घ्यावयाचा आहे त्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. नोकरांसाठी भरलेला हप्ता धंद्याचा खर्च म्हणून प्राप्तिकरात वजा होतो, परंतु तो रोखीने भरू नये. दुसरे असे की, २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराची माफी वैयक्तिक आरोग्यविम्यास मिळाली. सामूहिक विम्यास ती मिळाली नाही.

तथापि सामूहिक विम्याचा लाभ मोठा आहे. केवळ विम्यासाठी जमविलेला गट नियमास चालत नाही; व्यापारी मंडळ मात्र मुळातच अन्य उद्देशाने स्थापिलेले असते. एकट्या दुकानदाराला मिळत नाहीत त्या अटी मंडळाने एकत्रितपणे मागितल्यास मिळण्याचा संभव अधिक. तरी व्यापारी बंधूंनी येत्या दिवाळीच्या वहीपूजनापूर्वी आपल्या पेढीवरील माणसांची यादी करावी व प्रत्येकाच्या नावापुढे कोणते संरक्षण आहे ते लिहावे. जी जागा कोरी राहील तेथूनच कामास आरंभ व्हावा, एवढीच आमची विनंती आहे.