अतसीतैल : निवड, साठवण व सेवनविधी

जानुशूलासाठी आमच्याकडे येणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांना आम्ही ‘आहारात थोडे जवसाचे तेल घेत जा’ एवढेच सांगितले होते. तीन महिन्यांनी त्यांनी ते तेल दाखवावयास आणले. एक लिटरची पारदर्शक बाटली शेगडीजवळ ठेवलेली असे, तिच्यातूनच रोजची फोडणी होत असे आणि तेलास रंगाच्या डब्यासारखा उग्र वास येत होता. बोलण्याच्या ओघात कळले, की ते रक्त पातळ ठेवणारे औषधही घेतात. यात रुग्णाचा दोष नव्हता; आमचाच उपदेश अपुरा होता. औषध देताना आपण मात्रा, काल व अनुपान सांगतो, परंतु आहारातील तेल सुचविताना केवळ नाव सांगून थांबतो. म्हणून या विषयाचा येथे थोडक्यात विचार करीत आहोत.

शास्त्रीय विचार

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील स्नेहाध्यायात (अध्याय १३) स्थावर स्नेहांच्या उगमद्रव्यांमध्ये अतसीचा उल्लेख आहे. त्याच स्थानातील २७ व्या अध्यायात अतसीतैल मधुर-अम्ल रसाचे, कटुविपाकी, उष्णवीर्य, वातामध्ये हितकर, परंतु रक्तपित्ताचा प्रकोप करणारे सांगितले आहे. भावप्रकाशात ते गुरू, बल्य, वातहर, कफपित्तकर व अचक्षुष्य म्हटले असून वातशमनार्थ पान, अभ्यंग, बस्ती, नस्य व कर्णपूरण असे त्याचे उपयोग दिले आहेत. म्हणजे हे द्रव्य उपयुक्त आहे, पण सर्वांस व सर्वकाळ नव्हे.

आधुनिक दृष्टीने या तेलातील निम्म्याहून अधिक भाग अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा, म्हणजे वनस्पतिजन्य ओमेगा-३ चा असतो. शरीरात त्याचे माशांच्या तेलातील ओमेगा-३ मध्ये होणारे रूपांतर मात्र अल्प असते. म्हणून दोन्ही तेले समान मानू नयेत. तसेच बीजातील तंतू व बहुतांश लिग्नान घटक पेंडीत राहतात, तेलात उतरत नाहीत. मलावष्टंभाच्या रुग्णास तंतूंचा लाभ हवा असेल तर तेल नव्हे, भरडलेले जवस पुरेशा पाण्यासह द्यावे.

खरेदी करताना

जवसाचे तेल हवेच्या संपर्काने झपाट्याने बिघडते व पातळ थरात वाळून घट्ट होते. याच गुणामुळे ते रंग व वॉर्निशमध्ये वापरले जाते. खरेदीतील मोठा धोकाही येथेच आहे.

१) रंगाच्या दुकानातील अळशीचे तेल कधीही खाऊ नये. ‘डबल बॉइल्ड’ म्हणून मिळणाऱ्या तेलात ते लवकर वाळावे यासाठी कोबाल्ट, मँगनीज यांसारख्या धातूंचे क्षार घातलेले असतात. रुग्णास हे स्पष्ट शब्दांत सांगावे.

२) खाद्यतेलाच्या बाटलीवर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक, उत्पादनाची तारीख व वापराची मुदत पाहावी. सुटे तेल घेऊ नये.

३) कमी उष्णतेत गाळलेले तेल गडद रंगाच्या, लहान बाटलीत घ्यावे. घरात एक-दोन माणसेच घेणार असतील तर २०० ते २५० मिलीची बाटली पुरते.

४) ताजे तेल सोनेरी पिवळे असून त्यास जवसाचा मंद, खमंग वास येतो. कडू चव, माशासारखा किंवा रंगासारखा वास आल्यास ते टाकून द्यावे. स्वस्त मिळाले म्हणून संपवू नये.

साठवण व सेवन

उघडलेली बाटली घट्ट झाकण लावून शीतकपाटात ठेवावी व सहा ते आठ आठवड्यांत संपवावी. बाटलीवर उघडल्याची तारीख लिहून ठेवण्याची सवय रुग्णास लावावी.

हे तेल फोडणीस व तळणीस वर्ज्य समजावे, कारण अल्प उष्णतेतच ते धुरावते व त्यातील उपयुक्त अंश नष्ट होतो. ताटात वाढल्यावर कोमट वरणावर, कोशिंबिरीवर किंवा भाकरीबरोबरच्या कोरड्या चटणीत ते कच्चेच घालावे. तैलपानास चरकांनी यूष हे अनुपान सांगितले आहे. त्या दृष्टीने मुगाचे कढण सोयीचे व आपल्या घरांत परिचित आहे.

आहारातील मात्रा एका लहान चमच्यापासून (५ मिली) सुरू करावी. तेवढ्यात सुमारे अडीच ग्रॅम अल्फा-लिनोलेनिक आम्ल मिळते. अमेरिकन आहारमानकांत प्रौढ पुरुषांसाठी प्रतिदिनी १.६ ग्रॅम व स्त्रियांसाठी १.१ ग्रॅम एवढे सेवन पुरेसे मानले आहे, हे लक्षात घेता मोठमोठे चमचे पिण्याचे कारण उरत नाही. मंदाग्नी असल्यास प्रथम अग्नीचा विचार करावा.

कोणास देऊ नये

रक्तपित्त, अतिसार व पित्तप्रकोपाची लक्षणे असताना हे तेल टाळावे. शरद ऋतूत विशेष सावध असावे. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या किंवा शस्त्रक्रिया ठरलेल्या रुग्णाने मूळ चिकित्सकास विचारल्यावाचून ते सुरू करू नये. गर्भिणीस औषधी मात्रेत देऊ नये. या तेलाने कर्करोग बरा होतो, असे ऐकून काही रुग्ण येतात. त्यास पुरावा नाही. चालू उपचार सोडू नयेत, असे त्यांना निक्षून सांगणे हे आपले कर्तव्य होय.

त्या गृहस्थांचे तेल आम्ही बंद केले व त्यांना त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठविले. तेव्हापासून जवसाचे तेल सुचविताना कोणते घ्यावे, किती, कसे, कोठे ठेवावे व सोबत कोणती औषधे चालू आहेत, या पाच गोष्टी आम्ही चिठ्ठीवर लिहितो. वैद्यबंधू-भगिनींनीही हा प्रघात ठेवावा, अशी विनंती आहे.