कामावर तुझं नाव हवं

अगं, ‘टीमचं काम होतं, त्यात माझं काय एवढं’ म्हणून तू पुन्हा गप्प बसणार, हे मला ठाऊक आहे. म्हणून आज स्पष्टच बोलते.

मुळशीच्या खाचरांत वाकून भातलावणी बायकांनी करायची आणि सातबाऱ्यावर नाव पुरुषाचं, हे आपण पाहत आलो. त्याच तालुक्यात, हिंजवडीच्या काचेच्या इमारतींत निराळं काय चाललंय? मीटिंगचे मिनिट्स, नव्या पोरांना शिकवणं, कुणाच्या निरोपाचा केक, चिडलेल्या क्लायंटची समजूत, सगळं न सांगता तुझ्या गळ्यात. अप्रेझलच्या फॉर्ममध्ये त्याला रकाना नाही. रात्री जागून बग तू शोधतेस. सकाळी स्क्रीन शेअर करतो दुसराच, आणि काम त्याच्या नावावर जातं.

हा बाईचा स्वभावच, असं मात्र मानू नकोस. अर्थशास्त्रज्ञ लिंडा बॅबकॉक आणि तिच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये आपले प्रयोग प्रसिद्ध केले. पुरुष आणि बायका एकत्र असल्या की नकोसं काम बायकाच जास्त उचलत. पण गटात नुसते पुरुष असले, तरी काम अडत नव्हतं! म्हणजे बाई आहे ना, ती करेल, हे सगळे धरून चालतात. आपणही.

श्रेयाचंही तेच. हीदर सार्सन्स या अर्थशास्त्रज्ञ बाईने अमेरिकेतल्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांचे शोधनिबंध तपासले. एकटीने लिहिलं की बाईला पुरुषाइतकंच श्रेय. पुरुषाबरोबर लिहिलं की नोकरीत कायम करताना तिचा वाटा कमी धरलेला. एवढ्या शिकलेल्यांची ही तऱ्हा, तर तुझ्या मॅनेजरला आपोआप कळेल ही आशा सोड. तो माणूस वाईट नसेलही, पण त्याला दिसतं तेवढंच तो लिहितो.

तेव्हा कुठला भाग कुणाचा, हे सुरुवातीलाच मेलवर ठरव. झालं की दोन ओळी टाक: ‘पेमेंट मॉड्यूल मी पूर्ण केलं, टेस्टिंग झालं.’ हे मिरवणं नव्हे. अप्रेझलला ‘आम्ही केलं’ नको, ‘मी केलं’ म्हण. मिनिट्सची पाळी लावून घे. कुणी तोंड वाकडं करेल, करू दे.

आणि हाताखालच्या नव्या मुलीने काही करून दाखवलं, तर क्लायंटच्या मेलमध्ये तिचं नाव तू स्वतः लिही. दुसरं कुणी लिहील, याची वाट बघू नकोस.